बेस वाढवला की ॲम्प ‘प्रोटेक्ट’मध्ये जातो? ॲम्प बदलण्याआधी ओहम मोजा

आवाज बेताचा असतो तोवर सगळं ठीक चालतं. बेस जोरात आला की दोन-चार ठोक्यांत सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) गप्प होतो आणि ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल होतो, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला ‘प्रोटेक्ट’मध्ये जातो. डेक (गाडीतला स्टिरिओ) बंद करून पुन्हा चालू केला की काही मिनिटं वाजतो, मग परत तेच. गाड्यांच्या ऑडिओचं काम करताना माझ्यासमोर सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आहे. येणाऱ्या बहुतेकांना आधीच कुणीतरी ‘ॲम्प गेला, नवा टाका’ असं सांगितलेलं असतं. काहींनी नवा टाकलेलाही असतो आणि तोही तसाच बंद पडत असतो, कारण खोट ॲम्पमध्ये नसून ॲम्पला जे जोडलंय त्यात असते. वूफरच्या कॉइल (आतल्या तारेच्या गुंडाळ्या) अशा जोडलेल्या असतात की ॲम्पला झेपणार नाही इतका भार पडतो. कॉइलचा विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात, आणि ओहम कमी म्हणजे भार जास्त. हे तपासायला साधा मल्टिमीटर आणि तासभर वेळ पुरतो.

लक्षणं नीट बघा, ती सारखी नसतात

ॲम्प केव्हा बंद पडतो यावरून निम्मं निदान होतं. डेक चालू करताच लाल दिवा लागत असेल आणि क्षणभरही आवाज येत नसेल, तर स्पीकरची वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा ॲम्प आतून बिघडलाय. बेसच्या ठोक्याला बंद पडून लगेच परत येत असेल, तर ओहम कमी पडतायत किंवा ॲम्पपर्यंत व्होल्टेज पोचत नाहीये. अर्धा-पाऊण तास छान वाजून मग बंद पडत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा चालत असेल, तर तो तापतोय. तापण्याचं कारण बहुधा तेच, कमी ओहम. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात भरदुपारी ही तक्रार वाढते, कारण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ॲम्प आधीच गरम झालेला असतो.

याच्या उलटही एक लक्षण आहे. ॲम्प कधीच बंद पडत नाही, पण बेस पोकळ येतो आणि एवढे पैसे घालून काही मिळालं असं वाटत नाही. तिथे ओहम गरजेपेक्षा जास्त असतात, दोन वूफरपैकी एकाची वायर उलटी असते किंवा ड्युअल कॉइलच्या वूफरची एक कॉइल मेलेली असते.

हेडलाइट बेसच्या तालावर मंद होत असतील तर सहाव्या पायरीतला बॅटरी, केबल आणि अर्थचा (ॲम्पची उणे वायर गाडीच्या बॉडीला जोडण्याचा) भाग आधी वाचा. जळका वास येत असेल तर पुढचं काहीही करू नका, सिस्टीम बंद करा आणि थेट शेवटच्या भागावर जा.

पहिली पायरी: फक्त वाचायचं आहे

वूफरच्या मॅग्नेटवरचं लेबल आणि ॲम्पच्या खोक्यातलं माहितीपत्रक, दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. वूफरवर ओहमचा आकडा आणि ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे सलग झेपणारी ताकद, शोधा. टर्मिनलची एकच जोडी असेल तर कॉइल एक, दोन जोड्या असतील तर ड्युअल व्हॉइस कॉइल. लेबलवर ‘४+४’ किंवा ‘ड्युअल ४ ओहम’ असं असेल तर प्रत्येक कॉइल ४ ओहमची आहे. पूर्ण वूफर ४ ओहमचा आहे असा त्याचा अर्थ नाही. निम्मे घोटाळे या एका गैरसमजातून होतात.

ॲम्पच्या कागदावर तो किमान किती ओहमवर चालतो ते शोधा. काही मोनोब्लॉक (एकाच चॅनलचे ॲम्प) १ ओहमपर्यंत चालतात, बरेचसे २ ओहमपर्यंतच. चार चॅनलचा ॲम्प ब्रिज करून वूफरला लावलेला असेल तर ब्रिजसाठीची किमान मर्यादा वेगळी दिलेली असते आणि ती बहुतेक वेळा ४ ओहम असते. ब्रिज केल्यावर दोन चॅनल मिळून एक वूफर ओढतात आणि प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. म्हणजे ब्रिजवर २ ओहम जोडले की प्रत्येक चॅनलवर १ ओहमचा भार येतो. चार चॅनलचे बहुतेक ॲम्प तिथेच मान टाकतात.

ॲम्प कुठे बसवलाय तेही बघा. सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला असेल किंवा वूफरच्या बॉक्सवरच स्क्रूने ठोकलेला असेल तर तो तिथून काढा. बाजूने चार बोटं मोकळी हवा हवी, आणि बॉक्सच्या हादऱ्यांनी आतले सोल्डर सुटतात ते वेगळंच.

दुसरी पायरी: स्पीकरच्या वायरी काढून बघा

याला पैसे लागत नाहीत आणि संशय ॲम्पवर धरायचा की वूफरवर, हे यातून लगेच ठरतं. डेक बंद करा, ॲम्पमधून वूफरच्या सगळ्या वायरी सोडवा, उघडी टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागणार नाहीत अशी टेप लावून बाजूला ठेवा आणि डेक पुन्हा चालू करा.

लाल दिवा गेला आणि हिरवा टिकला तर ॲम्प बहुधा शाबूत आहे, दोष वूफरच्या बाजूला आहे. लाल दिवा तसाच राहिला तर आरसीए केबलही (डेककडून ॲम्पला सिग्नल आणणारी) काढून बघा. तरीही लाल असेल तर ॲम्पला मिळणारा सप्लाय तपासायचा, आणि तो नीट असेल तर ॲम्प दुरुस्तीला द्यायचा. अशा वेळी घरी झाकण उघडून काही हाती लागत नाही.

हिरवा दिवा टिकला पण बेस आल्यावरच बंद पडण्याची तक्रार होती, तर पुढे चला.

तिसरी पायरी: मल्टिमीटरने ओहम मोजा

मीटर साधाच चालतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. मीटर सगळ्यात खालच्या, म्हणजे २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. स्वस्त मीटरमध्ये इथेच ०.२ ते ०.५ ओहम दिसतात. हा प्रोबच्या वायरींचा रोध आहे आणि तो प्रत्येक मापातून वजा करायचा. आपण १ आणि २ ओहममधला फरक शोधतोय, त्यामुळे ०.४ची चूकसुद्धा निदान फिरवू शकते.

आता ॲम्पमधून सोडवलेल्या वायरींच्या टोकांवर मोजा, वूफरच्या टर्मिनलवर नको. ॲम्पला जे दिसतं तेच आपल्याला बघायचंय, वायर आणि बॉक्सच्या मागच्या टर्मिनल कपासकट.

मीटरचा आकडा लेबलपेक्षा थोडा कमीच येतो. ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.८च्या दरम्यान दिसते, २ ओहमची दीड ते १.९च्या आसपास, आणि १ ओहमचा भार ०.७ ते ०.९ दिसतो. मीटर डीसी रोध मोजतो, लेबलवरचा आकडा एसी सिग्नलसाठीचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या सिग्नलला होणारा अडथळा, असतो, म्हणून ही तफावत. यात दोष काही नाही. मापाला जवळचा मोठा प्रमाणित आकडा धरायचा आणि तो ॲम्पच्या किमान मर्यादेशी ताडून बघायचा.

मीटरवर डाव्या टोकाला नुसता १ किंवा ‘ओएल’ स्थिर राहिला आणि काहीच मोजलं जात नसेल तर वायर तुटलेली आहे किंवा कॉइल उघडी पडलीय. आकडा शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट आहे, आणि बहुधा टर्मिनल कपमध्ये वायरीचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकलेला सापडतो.

आणखी एक माप घ्या. एक प्रोब वूफरच्या वायरीला, दुसरा गाडीच्या उघड्या धातूला. इथे काहीच मोजलं जायला नको, मीटर ‘ओएल’वरच राहायला हवा. आकडा दिसला तर वायर सीटच्या पट्टीखाली किंवा दाराच्या कडेला सोललीय. ब्रिज केलेल्या ॲम्पमध्ये वूफरची उणे वायरसुद्धा बॉडीला लागून चालत नाही, कारण तिच्यावरही सिग्नल असतो.

चौथी पायरी: जोडणीचं गणित

ओहम जेवढे कमी, तेवढा ॲम्पवरचा भार जास्त. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून आकड्यांत बघू. ॲम्प २० व्होल्टचा सिग्नल देतोय असं धरा. ४ ओहमवर करंट ५ ॲम्पिअर आणि ताकद १०० वॅट. २ ओहमवर करंट १० ॲम्पिअर, ताकद २०० वॅट. १ ओहमवर करंट २० ॲम्पिअर, ताकद ४०० वॅट. ओहम निम्मे केले की करंट दुप्पट होतो, आणि आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ॲम्पचा ‘प्रोटेक्ट’ हा त्या ट्रान्झिस्टरना वाचवण्यासाठीच असतो. तो बायपास करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक भेटतात, त्यांना मी साफ नाही म्हणतो.

सिरीजमध्ये (एका कॉइलचं उणे पुढच्या कॉइलच्या अधिकला) ओहमची बेरीज होते. पॅरललमध्ये (सगळे अधिक एकत्र, सगळे उणे एकत्र), सारख्या कॉइल असतील तर, एका कॉइलच्या ओहमला कॉइलच्या संख्येने भागायचं. एवढ्या दोन नियमांवर सगळं चालतं.

४+४चा एक वूफर: पॅरललमध्ये २ ओहम, सिरीजमध्ये ८.
२+२चा एक वूफर: पॅरललमध्ये १ ओहम, सिरीजमध्ये ४.
सिंगल ४ ओहमचे दोन वूफर: पॅरललमध्ये २ ओहम, सिरीजमध्ये ८.
२+२चे दोन वूफर: प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये आणि मग वूफर पॅरललमध्ये, तर २ ओहम. सगळं पॅरललमध्ये जोडलं तर अर्धा ओहम, ज्यावर गाडीतला सर्वसाधारण ॲम्प चालवायचाच नाही.
४+४चे दोन वूफर: सगळं पॅरललमध्ये जोडलं तर १ ओहम. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये आणि वूफर पॅरललमध्ये, तर ४ ओहम.

शेवटची ओळ पुन्हा वाचा, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच अडकलेल्या असतात. ४+४चे दोन वूफर घेतले तर कितीही उलटसुलट जोडा, सगळ्या कॉइलना सारखी ताकद देऊन २ ओहम मिळतच नाहीत. मिळतात ते १ किंवा ४, आणि सगळं सिरीजमध्ये जोडलं तर १६. ज्याचा ॲम्प २ ओहमचा आहे तो दुकानातून ‘चार ओहमचे दोन’ म्हणून हे वूफर आणतो, फिटर सगळे अधिक एकत्र आणि सगळे उणे एकत्र करून टाकतो, आणि ॲम्पला १ ओहम दिसतो. हळू आवाजात वाजतं, कारण तेव्हा करंटच कमी असतो. बेस वाढला की बंद.

याच्यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे ४ ओहमची जोडणी. आवाज थोडा कमी होईल, पण ॲम्प तापणार नाही, बंदही पडणार नाही. ताकद निम्मी झाली तरी आवाजात फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो. गाडीत बसून ऐकताना तो कळतो, पण निम्मा आवाज गेला असं कुणालाच वाटत नाही. मी आधी हेच करून देतो आणि गाडी आठवडाभर चालवायला सांगतो. त्यानंतर नव्या ॲम्पसाठी फार थोडे जण परत येतात. ज्यांना जास्त हवंच आहे त्यांनी १ ओहमवर चालणारा मोनोब्लॉक घ्यावा, किंवा वूफर अजून बदलून मिळत असतील तर २+२चे घ्यावेत.

वेगवेगळ्या ओहमचे वूफर एकाच ॲम्पवर लावू नका. २ आणि ४ ओहमचे दोन पॅरललमध्ये जोडले तर २वाला दुप्पट ताकद घेतो, आणि जोरात वाजवताना तोच आधी जळतो. एकाच बॉक्समध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे वूफर घालणंही टाळा. एक पुढे येतो तेव्हा दुसरा तितकाच पुढे येत नाही, आणि बेस एकमेकांना खातो.

संगीत वाजताना इम्पिडन्स स्थिर नसतो, हेही खरं. बॉक्सच्या रेझोनन्सजवळ, म्हणजे वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप झुलतो तिथे, तो लेबलच्या कितीतरी पट चढतो, आणि कॉइल तापली की तांब्याचा रोधही वाढतो, १०० अंशांनी तापली तर जवळजवळ ४० टक्के. म्हणून काही जण म्हणतात, ‘१ ओहम लावला तरी प्रत्यक्षात जास्तच दिसतो, चालतंय.’ पण इतर फ्रिक्वेन्सींना तो डीसी रोधाच्या जवळ खाली उतरतोच, आणि ॲम्प तेवढ्यात बंद पडतो.

पाचवी पायरी: वॅट जुळतात का

खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. ‘३००० वॅट मॅक्स’, ‘पीएमपीओ’ यांना जुळवणीत काही अर्थ नाही. फक्त आरएमएस बघा, आणि तोही तुमच्या जोडणीच्या ओहमवरचा. एकच ॲम्प ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर ५०० वॅट देत असेल, तर ४ ओहमच्या जोडणीत तुमच्याकडे ३०० वॅटचाच ॲम्प आहे. अमेरिकेतल्या सीईए-२००६ मानकानुसार मोजलेला आकडा असेल तर तो १४.४ व्होल्ट आणि १ टक्का डिस्टॉर्शनवर (सिग्नलच्या बिघाडावर) घेतलेला असतो, त्यावर भरवसा ठेवता येतो.

कागद नसेल किंवा आकड्यावर विश्वास बसत नसेल तर ॲम्पवरचे फ्यूज बघा. फ्यूजच्या ॲम्पिअरची बेरीज गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे आत जाणारी ताकद. क्लास डी रचनेचा ॲम्प असेल तर त्याच्या ८० टक्के बाहेर येते, क्लास एबी रचनेचा असेल तर साधारण ५० ते ६० टक्के. ३० ॲम्पिअरचा एकच फ्यूज असलेला क्लास डी ॲम्प सलग ३३० वॅटच्या आसपासच देऊ शकतो, खोक्यावर ३००० लिहिलेलं असलं तरी. अंदाज ढोबळ आहे, पण खरेदीच्या वेळी दुकानात उभ्या-उभ्या करता येतो आणि बरेच पैसे वाचवतो.

वूफर दोन असतील तर दोघांच्या आरएमएसची बेरीज करा. ॲम्पचा आकडा त्याच्या आसपास असावा, वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे चालतात. माझं मत विचाराल तर ॲम्प थोडा मोठा आणि गेन (ॲम्पवरची कळ, सातव्या पायरीत बघू) कमी, ही जोडी लहान ॲम्प आणि पूर्ण फिरवलेल्या गेनपेक्षा बरी. कमी ताकदीमुळे वूफर जळत नाही. लहान ॲम्प ताणल्यावर सिग्नलची टोकं कापली जातात, आणि तसं वाजवत राहिल्याने वूफर जळतो. पूर्ण चौकोनी झालेल्या सिग्नलमध्ये, शिखर तेवढंच असताना, साध्या सिग्नलच्या दुप्पट ताकद असते, आणि ती सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते.

सहावी पायरी: व्होल्टेज, केबल आणि अर्थ

ओहम बरोबर आहेत आणि तरी बंद पडतोय, तर इथे या. इंजिन चालू ठेवा, पण मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये नको. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या अधिक आणि अर्थच्या टर्मिनलवर लावा. आवाज नसताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. आता ५० हर्ट्झचा एकसारखा टोन काही सेकंद वाजवा. गाण्यातला ठोका इतका छोटा असतो की साधा मीटर तो पकडत नाही, म्हणून टोन. आकडा १२च्या खाली घसरत असेल तर दोष सप्लायमध्ये आहे. बरेचसे ॲम्प १० ते साडेदहा व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतात.

घसरण कुठे होतेय ते वेगळं काढा. टोन चालू असताना बॅटरीवर मोजा. बॅटरीवर १३.५ आणि ॲम्पवर १२ असतील तर मधली केबल किंवा अर्थ दीड व्होल्ट खातोय. बॅटरीवरच १२ असतील तर बॅटरी किंवा अल्टरनेटर कमी पडतोय. ५०० वॅट देणारा क्लास डी ॲम्प १३.८ व्होल्टवर ४५ ॲम्पिअरच्या आसपास ओढतो. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर त्यातच हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि इंजिनाच्या यंत्रणेलाही पुरवत असतो, आणि आयडलिंगला तो पूर्ण ताकद देत नाही.

आधी अर्थ. एक प्रोब ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरा बॅटरीच्या उणे टर्मिनलवर, टोन चालू. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अर्थ खराब. तो दुरुस्त करायला खर्च जवळजवळ शून्य आहे. जागा बदला, रंग घासून चकचकीत पत्रा काढा, चांगलं क्रिंप केलेलं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) आणि दातेरी वॉशर घालून आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. वायर दीड फुटाच्या आत ठेवा, आणि जाडी अधिकच्या केबलएवढीच. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थसाठी वापरू नका. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसाळ्यानंतर अर्थची जागा गंजून ही तक्रार सुरू होते. गाडी कोरड्या दिवसांत ठीक चालली म्हणून अर्थ चांगला आहे असं तिथे समजू नका.

मग केबल. गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा लहान तेवढी केबल जाड. बाजारात ८ गेज म्हणून मिळणारी जाड केबल कापून बघा. अनेकदा प्लास्टिक जाड आणि आत धातू अगदीच बारीक, आणि तोही तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम. तंतूला ब्लेडने खरवडा, आतून पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. वरून चंदेरी आणि आतून तांबडा निघाला तर ते कल्हई केलेलं तांबं आहे, ते चांगलं. बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर खरं तांब्याचं ८ गेज ५० ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट खातं. त्याच मापाचं ॲल्युमिनियमवालं ०.८च्या आसपास. ५०० वॅटच्या सिस्टीमला मी ४ गेज तांबं टाकतो. ते महाग पडतं, पण पुढच्या ॲम्पलाही तीच केबल चालते.

बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे ना, हे आत्ताच्या आत्ता बघा. हा फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो. मधे कुठे केबल सोलून बॉडीला लागली तर त्याच्याशिवाय आग अडवणारं काहीच नसतं. ८ गेज तांब्याला ५०-६० ॲम्पिअरपर्यंत, ४ गेजला साधारण १०० ते १२५. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, आणि तार गुंडाळायची तर नाहीच.

मीटरचा प्रोब १० ॲम्पिअरच्या छिद्रात ठेवून बॅटरीला लावू नका, ते थेट शॉर्ट असतं.

सातवी पायरी: गेन लावणं

गेन ही आवाजाची कळ नव्हे. डेककडून येणारा सिग्नल किती व्होल्टला पूर्ण ताकद धरायचा, हे तो ॲम्पला सांगतो. तो पूर्ण फिरवलेला असेल तर ॲम्प डेकच्या अर्ध्या आवाजातच टोकाला पोचतो, कापायला लागतो, तापतो.

बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद. लो-पास (वरचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास. बॉक्स पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय तिच्या, थोडा खाली ठेवा, कारण ट्यूनिंगच्या खाली वूफरला मागून हवेचा आधार उरत नाही आणि कोन बेफाम हलतो. वूफरच्या वायरी काढा, गेन शून्यावर न्या, डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा आणि पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा टोन वाजवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटवर लावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. तो आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट २ ओहमला २४.५ व्होल्ट. ३०० वॅट ४ ओहमला ३४.६. ५०० वॅट १ ओहमला २२.४. वॅटचा आकडा वूफर आणि ॲम्प यांच्यातला लहान असेल तो घ्या. साधे मीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेले असतात, त्यामुळे याच टोनवर ते विश्वासाने मोजतात.

यानंतर डेकचा आवाज त्या खुणेच्या वर न्यायचा नाही. गाडी घरात अजून कुणी चालवत असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

आठवी पायरी: वूफर स्वतः

सिस्टीम बंद करून दोन्ही हातांची बोटं कोनवर समान अंतरावर ठेवा आणि तो हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल एक-दोन क्षण टर्मिनलला लावा. अधिकला अधिक लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. दोन वूफरपैकी एक आत जात असेल तर एका जागी वायर उलटी आहे, ती बदलली की हरवलेला बेस लगेच परत येतो. ड्युअल कॉइलमध्ये दोन्ही कॉइलवर ही चाचणी करा आणि प्रत्येक कॉइलचे ओहम वेगळे मोजा. एक कॉइल मेली असेल तर उरलेल्या एकीवर पूर्ण ताकद देऊ नका, तिची क्षमता निम्मीच आहे. रिकोन करून (नवा कोन आणि कॉइल बसवून) घ्या किंवा वूफर बदला.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

ॲम्पमधून जळका वास किंवा धूर आला असेल. स्पीकरच्या वायरी काढूनही लाल दिवा जात नसेल. नवा फ्यूज टाकताच उडत असेल. केबल किंवा फ्यूजचा होल्डर हाताला चटका बसेल इतका तापत असेल. आवाज शून्यावर असताना ॲम्पच्या आउटपुटवर डीसी व्होल्ट दिसत असतील, थोडे मिलिव्होल्ट नव्हे तर अर्धा-एक व्होल्ट, तर आतला ट्रान्झिस्टर गेलाय. त्याला वूफर जोडलात तर कॉइलही जळेल. या सगळ्यांत बॅटरीची उणे वायर काढून ठेवा आणि ॲम्प दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. शक्यतो ॲम्पच दुरुस्त करणारा शोधा, बसवून देणारा वेगळा असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवरच १३ व्होल्ट मिळत नसतील तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अल्टरनेटर तपासून घ्या. पण माइल्ड हायब्रिड आणि स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत व्होल्टेज मुद्दाम खाली-वर केलं जातं, तिथे हा आकडा दोष दाखवत नाही. त्या गाड्यांत बॅटरीच्या उणे टर्मिनलवर सेन्सर असतो, म्हणून ॲम्पचा अर्थ तिथे न जोडता बॉडीला द्यायचा. अशा गाडीत वायर ओढण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा, वॉरंटीचा प्रश्नही त्यातच सुटतो.

सीटखाली पिवळे कप्लर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलच्या आसपास काहीही करायचं नाही.

दुरुस्तीला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: ॲम्पच्या टोकाला मोजलेले ओहम, प्रोबचे वजा करून, प्रत्येक कॉइलचे वेगळे ओहम, टोन चालू असताना बॅटरीवरचे आणि ॲम्पवरचे व्होल्ट, ॲम्पचे फ्यूज, आणि तो नेमका केव्हा बंद पडतो. सोबत जोडणीचा हाताने काढलेला आराखडा आणि दोन्ही लेबलांचे फोटो. जो कारागीर हे आकडे बघून पुढचे प्रश्न विचारेल त्याच्याकडे गाडी सोडा.